१९७१ च्या युद्धातून कंपन्यांनी नेमकं काय शिकायचं?

आधी कोरोना, मग युक्रेन युद्ध. ऑगस्ट २०२५ मध्ये तर अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. असा धक्का बसला की अनेक कंपन्यांमध्ये एकच गोष्ट होते. सगळे निर्णय साहेबांच्या केबिनमध्ये जातात, साध्या खर्चालाही वरून मंजुरी लागते. वर 'लष्करासारखी शिस्त हवी' असंही ऐकवलं जातं.

पण लष्कर खरंच असं चालतं का? १९७१ चं युद्ध वेगळंच सांगतं.

एप्रिल: 'आत्ता नाही'

पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. लगेच सैन्य पाठवा, असा दबाव होता. लष्करप्रमुख सॅम माणेकशॉ यांनी नंतर सांगितल्यानुसार, त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना स्पष्ट नकार दिला. पावसाळ्यात नद्या फुगतील, सैन्याची जमवाजमव झालेली नाही आणि खिंडी मोकळ्या असल्याने चीनचाही धोका आहे, ही त्यांची कारणं होती. सरकारलाही तेव्हा लगेच युद्ध नको होतं, असं काही इतिहासकारांचं मत आहे. श्रेय कुणाचंही असो, मधले महिने तयारीत गेले.

डिसेंबर: पूल नाही, तरी पुढे

३ डिसेंबरला युद्ध पेटलं. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांच्या चौथ्या कोअरला मेघना नदीपर्यंत धडक मारायची होती. पाकिस्तानी सैन्याने आशुगंजचा रेल्वे पूल उडवला. सगत सिंग तिथे थांबले नाहीत. ९ डिसेंबरपासून हवाई दलाच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांनी जवान नदीपार उतरवायला सुरुवात केली. मूळ योजनेत ढाका हे थेट लक्ष्य नव्हतं, पण आता वाट मोकळी झाली. १६ डिसेंबरला पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले.

मग धडा काय?

वरच्यांनी तयारीसाठी वेळ आणि साधनं मिळवून द्यायची. प्रत्यक्ष जागेवर असलेल्याला निर्णय घेऊ द्यायचा.

समजा, एका निर्यातदाराची अमेरिकेतली ऑर्डर थांबली. दुसऱ्या देशातला ग्राहक किती सूट मागेल, हे त्याच्याशी रोज बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला आधी कळतं. सुटीची मर्यादा आधीच ठरवून दिली असेल, तर तो त्याच दिवशी सौदा करू शकतो. नाहीतर मंजुरी येईपर्यंत ग्राहक निघून जातो.

तुलना कुठे संपते?

कर्मचारी म्हणजे जवान नव्हे. त्याच्याकडून बलिदानाची अपेक्षा करता येत नाही आणि तो कधीही राजीनामा देऊ शकतो. शिवाय, पूल नसताना जवान नदीपार पाठवण्यात मोठी जोखीम होती. डाव फसलाही असता. म्हणूनच अधिकार देणाऱ्या साहेबाने अपयशाची जबाबदारीही घ्यायला हवी. एका चुकीवरून कुणाची नोकरी गेली, तर पुढच्या वेळी सगळे नदीकाठी मंजुरीची वाट बघत बसतील.