रात्री कोण असतं?

परवा बऱ्याच दिवसांनी गावी गेलो होतो. ग्रामीण रुग्णालयाला नवा रंग दिलाय, दारात १०८ ची गाडी उभी. पुतण्या कौतुकाने म्हणाला, "काका, आता आपल्याकडे सगळं आहे!" मी मान डोलावली, पण मन मागे गेलं.

२००६ चा पावसाळा. धाकट्या भावाला बांधावर नाग चावला. याच रुग्णालयात रात्री नेलं. डॉक्टर आवारातच राहायचे, लुंगीवरच धावत आले. सलाईनमधून लस दिली आणि उजाडेपर्यंत खाटेशी बसून राहिले. भाऊ आजही शेती करतोय.

२०१८ मध्ये चुलत वहिनींना झोपेत मण्यार चावली. तेच रुग्णालय. लस कपाटात होती. पण डॉक्टरांची जागा रिकामी, आणि एकट्या नर्सबाई. लसीची रिअ‍ॅक्शन आली तर सांभाळणार कोण? चिठ्ठीवर एकच शब्द लिहून मिळाला, 'रेफर'. गाडी वेळेवर आली हो! पण वहिनींच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. घाटातच संपलं सगळं. लस मिळती तर वाचल्या असत्या का, देव जाणे. पण प्रयत्न तर झाला असता!

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. विंचूदंशाने माणसं दगावत होती. ते रुग्णांजवळ बसून राहिले, नोंदी केल्या, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून कितीतरी जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बिरवाडीला मोठी यंत्रं थोडीच होती? रुग्णाजवळ थांबणारा माणूस होता.

सगळेच बावस्कर होणार नाहीत, तशी अपेक्षाही चूक. क्वार्टर गळकं, मुलांना शाळा नाही, चोवीस तास एकट्याने ड्यूटी, वर नातेवाईकांची दमदाटी... कोण राहील? म्हणून ग्रामसभेत आपण रंग आणि खाटा मोजणं सोडून एवढंच विचारावं : रात्री दोन वाजता तिथे कोण असतं? आणि ज्याने असावं, त्याची राहायची नीट सोय आपण केली आहे का?

पुतण्याला मी हेच विचारलं. तो गप्प झाला. वहिनी त्याची आईच होती.

असो.