‘उंदरांवर’ हा शब्द कुणी खाल्ला?

आधी स्वतःची चूक कबूल करतो, मग इतरांबद्दल बोलतो.

फेब्रुवारी २०२४. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी कॅन्सर उलटू नये म्हणून एक गोळी शोधली, अशी बातमी देशभर फिरली. किंमत अंदाजे १०० रुपये. आमच्या दैनिकाचं तालुका पान माझ्याकडे होतं. रात्री साडेदहाला मी हेडिंग दिलं, ‘१०० रुपयांत कॅन्सरवर मात!’ बातमीच्या शेवटी एक वाक्य होतं: कॅन्सर रोखण्याची चाचणी फक्त उंदरांवर झालीय, माणसांवरच्या चाचणीला पाचेक वर्षं लागतील. ऐनवेळी जाहिरात आली, जागा कमी पडली. शेवटचा परिच्छेद कापला. मीच कापला.

सकाळी ओळखीचे एक गृहस्थ कात्रण घेऊन दारात. बायकोचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमोच्या तीन सायकल बाकी. “भाऊ, ही गोळी कुठं मिळती? मग राहिलेलं केमो कशाला घ्यायचं?” मी परोपरीनं समजावलं. पण पेपरात छापून आलेलं खरं, की माझं तोंडी बोलणं खरं? वहिनींनी पुढची सायकल तीन आठवडे उशिरा घेतली. त्यानं काही बिघडलं का, हे कुणीच सांगू शकत नाही. मला मात्र ते तीन आठवडे अजून मोजावे लागतात.

आता प्रयोगात काय होतं ते बघा. माणसाच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांत घालून गाठ वाढवली. मग त्यांना केमो, रेडिएशन, शस्त्रक्रिया असे उपचार दिले. संशोधकांचं म्हणणं असं की मरणाऱ्या पेशींतून क्रोमॅटिनचे बारीक कण सुटतात, रक्तातून दुसरीकडे जातात आणि तिथल्या चांगल्या पेशींना बिघडवतात. गोळीतलं तांबं आणि रेझव्हेरॅट्रॉल मिळून हे कण नष्ट करतात. कल्पना मोठी आहे, ती तपासली जायलाच हवी. माझं भांडण प्रयोगशाळेशी नाही. प्रयोगशाळा आणि पेशंटचं घर यांच्यातलं अंतर गिळून टाकणाऱ्या आम्हा मंडळींशी आहे.

कॅन्सरनं माणूस जातो तो बहुतेक वेळा पहिल्या गाठीनं नाही, तर ती शरीरभर पसरल्यानं. हे पसरणं पेशंटच्या शरीरात पायरी-पायरीनं बघता येत नाही, म्हणून उंदीर लागतो. पण उंदराचं शरीर माणसाच्या पेशी ठेवून घेत नाही. म्हणून अशा प्रयोगांत सहसा प्रतिकारशक्ती मोडलेले उंदीर घेतात. म्हणजे कॅन्सरशी झगडणारी फौजच तिथं अपुरी. दुसरी एक नेहमीची पद्धत म्हणजे पेशी थेट शेपटीच्या शिरेत टोचायच्या. त्या बहुतेक फुप्फुसात जाऊन अडकतात. गाठीतून सुटणं, रक्तात शिरणं या पहिल्या पायऱ्या गाळल्याच. शिवाय सगळा खेळ काही आठवड्यांचा. बाईच्या शरीरात हाच आजार दहा-दहा वर्षं गप्प बसून पुन्हा उठू शकतो.

१८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जननं मांडलं होतं की कॅन्सरची पेशी म्हणजे बी आणि अवयव म्हणजे माती. बी चहूकडे पडतं, उगवतं मानवेल त्या मातीतच. आपल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर ठिबकाखाली आलेलं वाण आमच्या मुरमाड कोरडवाहूत तसंच येईल म्हटलं, तर तो हसेल. मग उंदराच्या मातीतलं पीक आम्ही माणसाच्या नावावर का खपवतो?

याची किंमत मोजून झालेली आहे. कॅन्सरच्या पेशी ज्या एन्झाइमनं आजूबाजूचं कुरतडत वाट काढतात, ती बंद करणारी मारिमास्टॅटसारखी औषधं १९९०च्या दशकात आली. उंदरांत पसरणं कमी झालं. माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत मात्र बहुतेक सगळी आपटली. एक मोठं कारण म्हणजे उंदरांना औषध सुरुवातीलाच दिलं होतं, पेशंटना बव्हंशी कॅन्सर पसरल्यावर.

आणि गंमत बघा. त्याच टाटाच्या पुढाकारानं देशातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १,६०० बायकांवर चाचणी झाली. ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती साधं भूल देण्याचं लिग्नोकेन टोचायचं. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ वर गेलं. माणसांत, उंदरांत नव्हे! औषधही स्वस्तातलं. २०२२ला निकाल आला, तेव्हा माझ्या पानावर त्याला एक कॉलमही मिळाला नाही. ‘मात’ नव्हती ना त्यात.

“लोकांना आशा दिली तर बिघडलं काय?” असं काही मित्र विचारतात. खोटी आशा फुकट नसते. ती कुणाच्या तरी तीन आठवड्यांतून वसूल होते. आणि “हे सगळं औषध कंपन्यांचं कारस्थान, टाटाची गोळी दाबली” असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांनाही सांगतो, चाचणीला वेळ लागणं म्हणजे कारस्थान नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रयोग उंदरांवर असेल तर तो शब्द हेडिंगमध्येच यावा. शेवटच्या परिच्छेदात नाही, कारण तिथं कात्री फिरते. पत्रकार परिषद घेणाऱ्यांनीही पहिलं वाक्य तेच बोलावं. आणि वाचकहो, पुढच्या वेळी ‘कॅन्सरवर औषध सापडलं’ असा फॉरवर्ड आला की एवढंच विचारा: कुणावर सापडलं?

उत्तर येईपर्यंत केमोची तारीख चुकवू नका. माझ्या हेडिंगमुळं तर अजिबात नको.