व्यवसायोपचार तज्ज्ञ घराजवळ का मिळत नाही?

नवी दिल्ली : पक्षाघात, रस्ते अपघात किंवा मणक्याची इजा यांतून रुग्णाचा जीव वाचला की रुग्णालयाचे काम बहुतांशी संपते आणि कुटुंबाचे सुरू होते. रुग्णाला स्वतःच्या हाताने जेवता यावे, आंघोळ करता यावी, सदऱ्याची बटणे लावता यावीत, जमल्यास पुन्हा कामावर जाता यावे, यासाठी प्रशिक्षण देणारा तज्ज्ञ म्हणजे व्यवसायोपचार तज्ज्ञ, अर्थात ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ‘पुनर्वसन उपचार सुरू ठेवावेत’ असा सल्ला डिस्चार्ज कार्डावर लिहून मिळतो. ते उपचार आपल्या गावात वा तालुक्यात कोण देईल, हे शोधण्याची जबाबदारी मात्र नातेवाइकांवर येऊन पडते.

हा शोध अवघड होण्यामागे केवळ तज्ज्ञांची अपुरी संख्या नाही. कोण पात्र आहे हे सांगणारी सर्वांना सहज पाहता येईल अशी नोंद नाही, सार्वजनिक आरोग्यसेवेत जिल्हा व तालुका पातळीवर या तज्ज्ञांना पुरेसे स्थान नाही आणि रुग्णालयाबाहेरील उपचारांचा खर्च उचलणारी भक्कम व्यवस्था नाही. नोंद, पद आणि पैसा या तीन अडचणींपैकी पहिली दूर करण्याचा मार्ग संसदेने २०२१ मध्ये केलेल्या कायद्याने खुला केला. उरलेल्या दोन अडचणींना त्या कायद्याचा स्पर्श झालेला नाही.

भारत या क्षेत्रात मागाहून आलेला देश नाही, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबईतील केईएम रुग्णालयात १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था सुरू झाली. जन्माने अमेरिकी असलेल्या आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचार तज्ज्ञ संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी आकाराला आलेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश झाला. पुढे नागपूरसह इतर शहरांतही हे शिक्षण सुरू झाले. सात दशकांनंतरही या विद्याशाखेचा विस्तार प्रामुख्याने मोठी शहरे आणि वैद्यकीय महाविद्यालये यांच्या परिसरातच राहिला आहे.

गरज कोठे आहे, याचे चित्र मात्र वेगळे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील दिव्यांग व्यक्तींची संख्या २.६८ कोटी होती आणि त्यांपैकी सुमारे १.८६ कोटी, म्हणजे जवळपास ६९ टक्के, ग्रामीण भागात राहत होत्या. त्या गणनेत दिव्यांगत्वाचे आठ प्रकार विचारात घेतले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही यादी २१ पर्यंत नेली. पक्षाघातातून वाचलेले प्रौढ, पार्किन्सनचे रुग्ण, संधिवाताने बोटे आखडलेल्या वृद्ध स्त्रिया यांपैकी अनेकजण स्वतःची नोंद दिव्यांग म्हणून करीतच नाहीत. पुनर्वसनाची खरी गरज त्यामुळे या आकड्यापेक्षा मोठी आहे.

घराजवळच का हवा?

शस्त्रक्रियेसाठी रुग्ण एकदा दूरच्या शहरात जाऊ शकतो. व्यवसायोपचार आठवड्यातून अनेकदा आणि कित्येक महिने घ्यावा लागतो. पक्षाघातानंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या बालकांच्या बाबतीत आयुष्याची पहिली काही वर्षे निर्णायक ठरतात. तज्ज्ञ शंभर किलोमीटरवर असेल, तर प्रत्येक फेरीला रुग्णाबरोबर जाणाऱ्याची मजुरीही बुडते. दोन-तीन फेऱ्यांनंतर उपचार थांबतात आणि टाळता येण्याजोगे परावलंबित्व कायमचे होऊन बसते.

दुसरे कारण या उपचाराच्या स्वरूपातच आहे. भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, मुख्यतः स्नायूंची शक्ती, सांध्यांची हालचाल आणि चालणे यांवर भर देतो. व्यवसायोपचार ती हालचाल रोजच्या जगण्यात कशी वापरायची, हे शिकवतो. भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसता येत नसेल तर कोणती सोय करावी, न्हाणीघरात आधाराचा दांडा कोठे लावावा, एका हाताने साडी कशी नेसावी, जमिनीवर बसून स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीसाठी ओट्याची उंची किती असावी, या प्रश्नांची उत्तरे रुग्णाचे घर आणि राहणी पाहूनच देता येतात. भाषेचाही येथे संबंध येतो. पक्षाघाताने आकलन किंवा वाचा बाधित झालेल्या रुग्णाला सूचना मातृभाषेत मिळाव्या लागतात. इंदूर, वडोदरा वा हैदराबाद येथील मराठी भाषक वृद्धांच्या बाबतीत ही अडचण तज्ज्ञ सापडल्यानंतरही उरू शकते.

कायदा आणि त्याची गती

पात्र तज्ज्ञ कोण, याचे उत्तर आजवर राज्यागणिक बदलत होते. दिल्लीने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याद्वारे भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांसाठी स्वतंत्र परिषदांची तरतूद केली. अनेक राज्यांत अशी कोणतीही वैधानिक परिषद नव्हती. भारतीय पुनर्वसन परिषद विशेष शिक्षक, वाचा व श्रवण तज्ज्ञ आदींची नोंदणी करते. नावामुळे गैरसमज होत असला, तरी व्यवसायोपचार तज्ज्ञ तिच्या कक्षेत येत नाहीत. परिणामी काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती आणि साडेचार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण केलेला तज्ज्ञ यांतील फरक सामान्य पालकाला ओळखता येत नाही.

ही पोकळी भरण्यासाठी मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा संमत झाला. त्यात दहा गटांत पन्नासहून अधिक व्यवसायांचा समावेश असून व्यवसायोपचाराला स्वतंत्र गटाचे स्थान आहे. प्रत्येक राज्याने सहा महिन्यांत परिषद स्थापन करावी, राज्य नोंदवही ठेवावी आणि केंद्रीय नोंदवहीही तयार व्हावी, अशी कायद्याची योजना आहे. मात्र तीन वर्षे उलटूनही अनेक राज्यांत परिषदा अस्तित्वात आल्या नव्हत्या किंवा कार्यरत झाल्या नव्हत्या. अखेर सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र व राज्यांना दोन महिन्यांत अंमलबजावणी करण्याचे निर्देश द्यावे लागले.

नोंदवही पूर्ण झाली तरी ती रुग्णाच्या उपयोगाची ठरेलच असे नाही. नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक एवढ्याच तपशिलाने पात्रता पडताळता येते. तज्ज्ञ सापडत नाही. जिल्हा, तालुका, कामाचे क्षेत्र (बालरुग्ण, हाताच्या इजा, मेंदूविकार, मानसिक आरोग्य) आणि भाषा यांनुसार शोधता येईल, अशी रचना परिषदांनी सुरुवातीलाच स्वीकारली, तर त्याच नोंदवहीतून कोणत्या जिल्ह्यात एकही तज्ज्ञ नाही, हेही सरकारला दिसेल.

पंधरा दिवसांनंतरचा खर्च

तिसरी अडचण सर्वांत कठीण आहे. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत प्रत्येक पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, तिचा लाभ खुला झाला. ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी सोडल्यानंतरचा खर्च तीत पंधरा दिवसांपुरता समाविष्ट होतो. पुनर्वसनाला लागणारा काळ महिन्यांत मोजावा लागतो. त्यामुळे मेंदूवरील खर्चिक शस्त्रक्रिया शासनाच्या पैशाने होते, आणि तिचा लाभ टिकवणारा तुलनेने स्वस्त उपचार कुटुंबाच्या खिशावर पडतो.

राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा विमा असून त्यात बाह्यरुग्ण उपचार व थेरपीसाठीही मर्यादित तरतूद आहे. तिचा लाभ स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांपुरता असल्याने पक्षाघात झालेला कमावता माणूस सामान्यतः तिच्या बाहेर राहतो.

उपलब्ध वाटा आणि पुढची पावले

सार्वजनिक सेवेत काही वाटा आजही उपलब्ध आहेत. त्यांची माहिती मात्र डिस्चार्ज कार्डाबरोबर क्वचितच दिली जाते. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आणि केईएम, शीव व नायर ही महापालिका रुग्णालये, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ओडिशात कटकजवळील ओलटपूरची राष्ट्रीय संस्था, तसेच कोलकाता व दिल्लीतील राष्ट्रीय संस्था येथे या विषयाचे विभाग आहेत. नागपूर, भोपाळ, पाटणा, गुवाहाटी आदी ठिकाणी केंद्राची संयुक्त प्रादेशिक केंद्रे चालतात. बालकांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र हा पहिला संपर्क ठरू शकतो. खासगी तज्ज्ञाकडे जाताना व्यवसायोपचारातील पदवी आणि, जेथे परिषद आहे तेथे, तिचा नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा रास्त अधिकार आहे.

प्रत्येक तालुक्यात पूर्णवेळ तज्ज्ञ नेमणे नजीकच्या काळात शक्य नाही, हे उघड आहे. जिल्हा रुग्णालयात किमान एक पद मंजूर करणे, त्या तज्ज्ञाने ठरलेल्या दिवशी उपजिल्हा रुग्णालयांना भेट देणे, एकदा प्रत्यक्ष तपासणी झाल्यावर पुढील मार्गदर्शन दूरध्वनी किंवा व्हिडिओद्वारे करणे आणि रुग्णाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकाला घरचे व्यायाम व कामे शिकवणे, ही पावले मात्र आवाक्यातील आहेत. जन आरोग्य योजनेत ठरावीक संख्येची बाह्यरुग्ण सत्रे समाविष्ट करण्याचा निर्णय केंद्राच्या हाती आहे.

जागतिक आरोग्य सभेने मे २०२३ मध्ये पुनर्वसन सेवा आरोग्य व्यवस्थेतच सामावून घेण्याचा ठराव केला. भारतात त्या दिशेने कायदा आधीच झालेला आहे. जिल्हा रुग्णालयातून घरी निघालेल्या रुग्णाच्या हाती जवळच्या नोंदणीकृत तज्ज्ञाचे नाव, पत्ता आणि पहिल्या भेटीची तारीख पडू लागेल, तेव्हा त्या कायद्याचा उपयोग झाला असे म्हणता येईल.