‘युद्धपूर्व लॉफ्ट’ विकणे आहे

न्यूयॉर्कमधील घरविक्रीच्या जाहिरातींत ‘गजबजलेल्या वस्तीतील युद्धपूर्व लॉफ्ट’ अशी शब्दयोजना वारंवार आढळते. ज्यांची मुले-नातवंडे त्या शहरी आहेत, अशा वाचकांच्या कानांवरूनही ती गेली असेल. लॉफ्ट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो पोटमाळा : लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, गणपतीचे मखर आणि वाकून शिरावे लागणारा अंधार. तिकडचा लॉफ्ट याच्या नेमका उलट. तो जुन्या कारखान्याचा किंवा वखारीचा अखंड मजला असतो. मध्ये भिंत नाही, छत उंच, खिडक्या प्रशस्त. ‘युद्धपूर्व’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धापूर्वी बांधलेला. घराचे वय तेथे उणेपणाचे नव्हे, भाव वाढविणारे ठरते.

या घरांचे माहेर मॅनहॅटनमधील सोहो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे बिडाच्या इमारती उठल्या; होय, आपल्या तव्याचे तेच बीड. खांब आणि दर्शनी भाग ओतशाळेत ओतून आणायचे आणि जागेवर जोडायचे. भार खांबांनी पेलल्यामुळे रस्त्याकडे मोठमोठ्या खिडक्या ठेवता आल्या. विजेचे दिवे नसलेल्या त्या काळात कापड बेतणाऱ्या हातांना उजेड हवाच होता. मुंबईच्या वॉटसन हॉटेलाचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आला, तो याच युगातला. सोहोतील हॉवट इमारतीत तर १८५७ साली उतारूंसाठी लिफ्ट बसली.

महायुद्धानंतर कारखाने हलले. रिकामे मजले आणि आगीचे भय यांमुळे या भागाला ‘नरकाचे शंभर एकर’ असे नाव पडले. वस्ती पाडून त्यावरून महामार्ग नेण्याचा बेत होता; नागरिकांच्या विरोधाने तो १९६९ साली बारगळला. मधल्या काळात चित्रकार आणि शिल्पकार तेथे शिरले. भाडे अल्प, जागा अफाट. मात्र राहणे बेकायदा. न्हाणीघर, स्वयंपाकाचा ओटा, नळ, सारे त्यांनी पदरमोड करून उभे केले. १९६१पासून काहींना परवानगी मिळाली, ती दारावर पाटी लावण्याच्या अटीवर. आग लागल्यास कोणत्या मजल्यावर माणूस आहे, हे बंबवाल्यांना कळावे म्हणून! शिल्पकार डोनाल्ड जड यांनी १९६८ साली १८७०ची एक पाच मजली इमारत ६८,००० डॉलरना घेतली. आज एकेक मजला लाखो डॉलरना जातो.

१९७१ साली तेथील वास्तव्य कायदेशीर झाले, पण केवळ महापालिकेकडून कलावंत म्हणून प्रमाणित झालेल्यांसाठी. आम्ही आयुष्यभर दाखले लिहिले, परंतु कलावंत असल्याचा दाखला कोणत्या कसोटीवर द्यावा, हे आम्हांस सांगता आले नसते. १९७३ साली परिसराला वारशाचे संरक्षण मिळाले, चित्रदालने आली, त्यांच्या मागोमाग उंची दुकाने आणि धनिक. दाखल्याची अट बऱ्याच अंशी कागदावरच राहिली. १९८२च्या लॉफ्ट कायद्याने जुन्या भाडेकरूंपैकी अनेकांना आधार दिला खरा. पण ज्यांनी आपल्या हातांनी ती जागा राहण्यायोग्य केली, त्यांतल्या कित्येकांना वाढत्या भाड्याने बाहेर काढले. जाहिरातीतील ‘गजबजलेली वस्ती’ ही त्यांचीच कमाई. तिची किंमत मात्र दुसऱ्याच्या पदरात पडते, हे आम्हांस खटकते.

आपल्यापैकी कोणाचा मुलगा असा मजला पाहावयास निघाला, तर त्याने खिडक्यांवर भाळण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, त्या मजल्यावर राहण्याचा अधिकृत परवाना आहे काय, आणि दाखल्याची अट त्यास लागू होते काय? २०२१ साली सोहोचे नियम बदलले असल्याने याबाबत तेथील वकिलाचाच सल्ला घ्यावा. दुसरी, इमारत सहकारी पद्धतीची आहे काय? तशी असल्यास खरेदीदाराला घर नव्हे, संस्थेचे भाग मिळतात, आणि संचालक मंडळ त्यास बोलावून त्याची मिळकत तपासते. पसंत न पडल्यास ते नकारही देऊ शकते.