मधला मुक्काम

तंबूत राहून आलेल्या कुटुंबाने थेट घरी परतू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. वाटेत एखाद्या शहरात एकदोन रात्री मुक्काम करावा. या सदराच्या वाचक भगिनी लगेच विचारतील, "अहो, हा जादा खर्च कशाला?" आज त्याचेच उत्तर देते.

गेल्या डिसेंबरात हे, मी, दोन्ही मुले आणि सासूबाई असे पाच जण भंडारदऱ्याला दोन रात्री तंबूत राहिलो. प्रवरेवरचे तिथले धरण १९२६ साली पुरे झाले. जवळच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर. थंडी तर अशी, की पहाटे तंबूचे कापड दवाने ओलेचिंब! पण मला खरे नवल वाटले ते आमच्या माणसांचे. घरी पाण्याचा पेलाही हातात मागणारा थोरला तिथे न सांगता बादल्या भरून आणी. ह्यांनी चूल पेटवली. धुराने डोळे लाल झाले तरी फुंकणी काही सोडली नाही. धाकटीने कांदा चिरला. आणि मी? मी चक्क आयता चहा प्याले.

तिथून थेट मुंबईला आलो असतो तर काय झाले असते, हे कुठल्याही गृहिणीला सांगायला नको. धुरकट वासाच्या कपड्यांचा ढीग, रिकामा फ्रीज, आणि "आई, जेवायला काय?" दोन दिवसांत अंगवळणी पडलेले उंबऱ्याबाहेरच राहिले असते. म्हणून घोटीला गाडी मुंबईकडे न वळवता नाशिककडे वळवली.

नाशिकला पोचताच कपडे लाँड्रीत टाकले. थोरला हॉटेलातल्या गरम पाण्याखाली वीस मिनिटे उभा राहिला. बाहेर आला तो विचारीत, "आई, तिकडे याच्या किती बादल्या झाल्या असत्या गं?" नळाचे पाणी त्याने त्या दिवशी पहिल्यांदा मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झणझणीत मिसळ खाऊन आम्ही पांडवलेणी चढलो. तिथल्या एका लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी निवारे बांधले, असे त्यात कोरले आहे. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचेच, आणि शूर्पारक म्हणजे आपले नालासोपारा. हे लेणे कोरवून घेताना त्याने पाण्याच्या टाक्याही खोदवल्या. लेखात त्यांना 'पोढी' म्हटले आहे. मुले त्या टाक्यांत बराच वेळ डोकावत होती.

सासूबाईंना चढ झेपण्यासारखा नव्हता. त्या खालीच थांबल्या होत्या. संध्याकाळी हॉटेलात त्यांना हे सारे सांगितले. कुणाला काही काम नव्हते, त्यामुळे बोलायला सवड होती. त्या ऐकत होत्या, मग एकदम म्हणाल्या, "तंबूत सगळ्यांनी केलंत. मग घरी हिनं एकटीनंच का करायचं?"

कुणी काही बोलेना.

"मी चाळीस वर्षं एकटीनं केलं," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं नाही, म्हणून चाललं. मला आवडत होतं असं नाही."

ह्यांनी आपल्या आईकडे असे पाहिले, की जणू ती आज नव्यानेच भेटत होती. थोड्या वेळाने म्हणाले, "सकाळचा चहा माझ्याकडे." थोरल्याने पाणी भरायचे पत्करले, धाकटीने ताटे घ्यायचे. लाँड्रीच्या पावतीमागे तिनेच ते लिहून काढले.

दिवाळी आली, चहा अजून टिकून आहे. थोरला आठवड्यातून दोनदा तरी विसरतो. मग सासूबाई त्याला नुसत्या "नाशिक!" एवढेच म्हणतात.

तेव्हा मंडळी, या सुट्टीत तंबूचा बेत असेल, तर परतीच्या वाटेवरचे एखादे शहर हेरून ठेवा. घरातले कष्ट तंबूत सर्वांना दिसतात. पण त्यांची वाटणी ठरवायला चार भिंती, गरम पाणी आणि रिकामी संध्याकाळ लागते. तेवढ्यासाठी दोन रात्रींचे भाडे मला तरी महाग वाटत नाही.