किरणोत्साराचे शिक्षण : तरतूद कोण करणार?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप माकणी-सास्तूर परिसर विसरलेला नाही. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झाले. घरांच्या मजबुतीकरणाची माहिती देण्यासाठी गावोगावच्या स्त्रियाच ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. शास्त्र गावाच्या भाषेत बोलले, म्हणून ते घराघरांत पोहोचले.

अणुचाचण्यांची झळ बसलेल्या लोकांना असा संवाद क्वचितच लाभला आहे. मे १९९८ मधील पोखरण चाचण्यांनंतर जवळच्या खेतोलाई गावाचे रहिवासी कर्करोगाच्या व जनावरांच्या व्याधींच्या तक्रारी मांडत आले आहेत. किरणोत्सार बाहेर पडलाच नाही, ही सरकारची भूमिका आहे. भूकंपाची भेग दिसते, किरणोत्सार दिसत नाही. म्हणून तेथे भीती आणि बेफिकिरी दोन्ही वाढतात. त्यावर उपाय म्हणजे नियमित मोजणी, आरोग्याच्या खुल्या नोंदी आणि त्यांचा अर्थ समजावणारे शिक्षण.

अण्वस्त्रबंदी करार २२ जानेवारी २०२१ रोजी अमलात आला. त्याचे सहावे कलम पीडितांना साहाय्य करण्याचे, तर सातवे कलम देशांनी परस्परांना मदत करण्याचे बंधन घालते. व्हॅटिकनने २० सप्टेंबर २०१७ रोजीच त्यास मान्यता दिली. भारत मात्र कराराबाहेर आहे. तरीही आपल्या अंदाजपत्रकात या शिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद करण्यास कोणताही करार आड येत नाही. तो निधी केवळ पत्रके छापण्यात संपू नये; गावातील शिक्षक व आरोग्यसेविका यांच्या प्रशिक्षणावर तो वर्षानुवर्षे खर्च व्हावा. ज्यांच्या भूमीवर राष्ट्राने चाचणी घेतली, त्यांना उत्तर देणे हे राष्ट्राचे कर्तव्यच होय.