रानातली एक फूट उंचीची पिसोरी

सोळावे तीर्थंकर भगवान शांतिनाथ यांचे लांछन हरीण. मूर्तीच्या पादपीठावर ते पाहिले की मनात उभे राहते ते डौलदार शिंगांचे, उंच हरीण. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिमेस, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या दाट रानात मात्र हरीण म्हणून ओळखला जाणारा एक जीव असा आहे, की त्याला शिंगे नाहीत आणि खांद्यापाशी त्याची उंची जेमतेम एक फूट भरते. ही पिसोरी.

वजन दोन ते चार किलो, पाय काडीसारखे. तपकिरी अंगावर पांढुरक्या ठिपक्यांच्या व पट्ट्यांच्या रांगा असतात. पाचोळ्यावर पडलेल्या कवडशांत त्या मिसळून जातात. शिंगांऐवजी नराला वरच्या जबड्यात लांब सुळे असतात. पाठ मागे उंच आणि पुढे उतरती, त्यामुळे झुडपांखालून ती सहज सरकते. पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातील बुटक्या पाणघोड्याची पाठही अशीच पुढे उतरती असते. दाट रानात राहणाऱ्या दोन दूरच्या जीवांना एकच बांधा लाभावा, हे नवलच. वास्तविक प्राणिशास्त्र पिसोरीला खऱ्या हरणांच्या कुळात धरत नाही. ती रवंथ करते, पण गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात, तर हिच्या पोटाचे तीनच.

दिवसा ती झाडाच्या ढोलीत किंवा खडकाच्या कपारीत दडते, रात्री गळलेली फळे व कोवळा पाला खाते. संकट आले की जागच्या जागी स्तब्ध होते. बिबट्याची नजर चुकवायला हे पुरते; वणव्यापुढे किंवा सशा-डुकरांसाठी लावलेल्या फासकीपुढे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत स्थान दिले, आणि २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाच्या निमित्ताने का होईना, तिचे रान राखले गेले. फासकीला मात्र अनुसूची वाचता येत नाही.

ईर्यासमिती, म्हणजे पुढची भूमी न्याहाळत पाऊल टाकणे, हे मुनींचे व्रत. श्रावक आज घाट उतरतो तो मोटारीने, पुष्कळदा रात्री. रानालगतच्या रस्त्यावर दिव्यांच्या झोतात एखादी पिसोरी आलीच, तर ती पळेलच असे नाही. स्तब्ध उभी राहणे हाच तिचा जन्मजात बचाव आहे.